दर्शनी बाजू

प्रिय काडी,

"तुम्हा सगळ्यांना बाबांचा चेहरा मिळाला. आम्हाला पाठ." हे तू म्हणालीस तेव्हा आपण दोघी एका उघड्या ट्रकमध्ये बसलो होतो. तुला आठवत नसेल. बोलून विसरायची तुझी सवय, आणि ऐकून जपून ठेवायची माझी. जुनी राजवट कोसळल्यावर तुरुंगाच्या आवारात गुपचूप पुरलेल्या तुझ्या बाबांना, म्हणजे माझ्या काकांना, बाहेर काढून शहरभर मिरवत आणलं, तो दिवस. आपण सतरा वर्षांच्या होतो. ट्रकच्या केबिनवर काकांची भलीमोठी तसबीर उभी केली होती, तोंड गर्दीकडे. गच्च्यांवर, दिव्यांच्या खांबांवर, जिथे पाय ठरेल तिथे माणसं होती आणि सगळी त्या चेहऱ्याकडे बघून रडत होती. तुम्ही घरची माणसं, आणि तुझी शेजारीण म्हणून मीही, मागे मानाच्या जागेवर. आपल्या वाट्याला तसबिरीची मागची बाजू आली: तपकिरी कागद, गंजके खिळे, सुतळी, आणि कोपऱ्यात फ्रेमवाल्याचा शिक्का, 'फुटल्यास जबाबदारी ग्राहकाची'. ते वाचून तू फिस्सकन हसलीस, काकूंनी तुला चिमटा काढला, आणि चिमट्याची जागा चोळत तू ते वाक्य बोललीस. त्या वयात मी नुसतीच वाकडी मान करून बघत बसायचे. 'तिरपी' हे नाव तू उगाच नव्हतं ठेवलं.

खरं तर ते वाक्य शब्दशः खरं होतं, हे फक्त भिंतीपलीकडे राहणाऱ्या मलाच ठाऊक असणार. लोक काकांना वाटाड्या म्हणायचे. कुठल्या गल्लीतून कुठे निसटायचं, कोणाला कोणाच्या घरी लपवायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पण स्वतःच्या घरी ते यायचे ते चोरासारखे, आणि आले की पडद्याआड खिडकीशी बसायचे, गल्लीच्या तोंडावर नजर लावून. गाडी दिसली की मागच्या जिन्याने पसार. म्हणजे जितका वेळ घरात, तितका वेळ खोलीकडे पाठ. तू त्यांच्या मागे सतरंजीवर बसून पाढे म्हणून दाखवायचीस. ते न वळता मध्येच विचारायचे, "एकोणतीस साते?" आणि तू दोनशे तीन म्हणालीस की नुसतं डोकं हलायचं. 'पाढे पाठ करते' म्हणायचीस ना, तेव्हा मला वाटायचं, ही खरंच पाठीलाच पाढे म्हणते आहे. मानेवरचा तीळ, कॉलरची उसवलेली शिवण, एवढे तुझे बाबा. आणि मी? मला माझ्या वडिलांनी गिरणीच्या मैदानातल्या सभेला खांद्यावर बसवून नेलं होतं. तुम्हा मुलांना तिथे यायची बंदी होती, कोणी ओळखलं तर घात व्हायचा. काकांचा बोलणारा, हसणारा, घाम पुसणारा चेहरा मी पाहिला. शेजारणीच्या पोरीने.

तर आता बातमी. तिकडे तुझ्या कानावर आलंच असेल, पण वर्तमानपत्रात जे येतं त्यात भिंती सरळ असतात, खऱ्या नसतात. मिरवणुकीनंतर काकांना गिरणीच्या त्याच मैदानात पुरलं, आणि इतकी वर्षं त्यांच्यावर नुसता मातीचा उंचवटा होता. सरकारं आली, प्रत्येकाने समाधीसाठी समिती नेमली, समित्यांनी चहा घेतला आणि गेल्या. पाच-सहा वर्षांपूर्वी एका समितीला काय सुचलं कोण जाणे, तिने वास्तुकारांकडून आराखडे मागवले आणि माझा निवडला. तुला कळवलं नाही, कारण तू जाताना बजावलं होतंस की बाबांबद्दल काही लिहायचं नाही. हवापाणी लिही, तुझी दुखणी लिही, बाबा नकोत. मी ते आजवर पाळलं. आज मोडते आहे, आणि माफीही मागत नाही.

इमारत गोल आहे. सगळ्या बाजूंनी सारख्या कमानी, सारख्या उंचीच्या, सारख्या अंतरावर. जोतं नाही, पायऱ्या नाहीत; रस्त्याची फरशी चालत चालत आत येते. मध्यभागी काका, वर एक गोल दगड, ना उशाशी ना पायथ्याशी. कुठूनही या, तोच दगड, तेवढाच जवळ. या इमारतीला पाठ नाही, काडी. लोकांनी त्यात समता पाहिली, एकाने तर सूर्यही पाहिला. मी कोणाला सांगितलं नाही की हे सगळं एका चिमटा बसलेल्या मुलीच्या वाक्यातून आलंय.

पाठ नसलेली इमारत बांधणं म्हणजे काय ताप असतो, ते तुला सांगते. घरी पाहुणे आले की आपण पसारा मागच्या खोलीत ढकलतो. प्रत्येक इमारतीला अशी मागची खोली लागते: पावसाच्या पाण्याचे नळ, विजेचं खोकं, झाडू, बादली, चौकीदाराची चप्पल. माझ्या इमारतीत काही लपवायला जागाच नव्हती. पाण्याचे नळ खांबांच्या पोटात घातले, विजेच्या तारा फरशीखाली. झाडूने मात्र माझा जीव खाल्ला. शेवटी फरशीत झाकणाचा खड्डा केला, तेव्हा माझा दंतवैद्य नवरा म्हणाला, "तोंड नसलेली इमारत बांधलीस, म्हणजे माझ्या धंद्याच्या काही कामाची नाही." परवानगीची तऱ्हा याहून मजेची. नगरपालिकेला चार नकाशे लागतात: दर्शनी बाजू, मागची बाजू, डावी, उजवी. मी चारही दिले. तिथल्या कारकुनाने गठ्ठा परत पाठवला, वर शेरा: 'एकच नकाशा चुकून चार वेळा जोडला आहे.' मी स्वतः गेले, समजावलं. त्याने चारही कागद टेबलावर पसरले, फिरवून बघितले, चष्मा पुसला, आणि चारही कागदांवर 'दर्शनी' असा शिक्का मारून टाकला. आयुष्यात मला इतकं चांगलं प्रशस्तिपत्र कोणी दिलेलं नाही.

गवंड्यांनाही सुरुवातीला पुढचं-मागचं लागायचंच. ज्या कमानीत त्यांनी जेवणाचे डबे टांगले ती आपोआप 'पुढची' झाली. मग ऊन फिरलं की डबे शेजारच्या कमानीत, आणि इमारतीचं तोंडही डब्यांबरोबर फिरायचं. कंत्राटदार वैतागून म्हणायचा, "बाई, हिला तोंड नसेल तर लोकांनी बोलायचं कुठे?" मी म्हणायचे, लोकांना आहे की.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग समितीचा नवा अध्यक्ष आला, आणि तो तुझा भाऊ निघाला. हो, आपला भोंगा. गिरणीच्या भोंग्यासारखं रडणारं ते पोर आता इतकं हळू बोलतं की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागतं. मोठेपणा येण्याची हीही एक तऱ्हा असावी. पहिल्या भेटीला आला तेव्हा गाडी ज्या बाजूला थांबली तिथून आत शिरला, फोटोवाला म्हणाला, साहेब, जरा समोर या. तो चालू लागला. फोटोवाला म्हणत राहिला अजून थोडं, अजून थोडं. दोघेही समोरची बाजू शोधत आख्खा वळसा घालून पुन्हा गाडीपाशी पोचले. गवंडी तोंड फिरवून हसत होते. मीही हसले. नसते हसले तर बरं झालं असतं असं म्हणत नाही, पण त्याने ते पाहिलं.

पुढच्या बैठकीत त्याने सांगितलं की इमारतीला दर्शनी बाजू पाहिजे. दरवर्षी सलामी होणार, पाहुणे येणार, कॅमेरे लागणार. पाहुण्यांनी फुलं कुठून ठेवायची? मी म्हटलं, जिथून येतील तिथून. तो म्हणाला, ताई, चेष्टा नको. मग त्याने कागद उलगडला. मोठ्या रस्त्याच्या बाजूला सलामीचा चौथरा. मध्यातून आरपार एक उंच भिंत, तिच्यावर काकांचा ब्राँझचा चेहरा, दुमजली घराएवढा. भिंतीपलीकडच्या कमानी बुजवायच्या, आणि तिथे स्वच्छतागृह, जनरेटर, पाण्याची टाकी, गाड्यांचा तळ. भिंतीचा पाया नेमका काकांवरून जातो, म्हणून त्यांना उचलून चौथऱ्याकडे सरकवायचं. 'थोडंसंच', असं त्या कागदावर लिहिलं होतं. जणू ते कपाट आहे.

भिंतीच्या पलीकडे काय आहे ते तुला सांगायला नको. आपली वस्ती. गिरणीतल्या कामगारांची ती घरं अजून आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावर तुझी आई अजून त्याच दोन खोल्यांत राहते. भोंग्याने कितीदा बंगल्यावर बोलावलं तरी गेली नाही. त्याच खिडकीशी बसते, काका बसायचे तिथे. माझ्या इमारतीच्या तीन कमानी तिला तिथून सबंध दिसतात आणि त्यांतून तो दगड. आराखडा करताना मी त्या खिडकीत उभी राहून तपासून आले होते. भिंत झाली की तिला दिसणार जनरेटर.

मी भोंग्याला दुष्ट म्हणणार नाही. तू म्हणशील, तुझी मर्जी. परवा त्याने मला शिल्पकाराच्या कारखान्यात नेलं. चेहऱ्याचा मातीचा नमुना तयार होता, दारातून बाहेर निघणार नाही इतका मोठा. त्याने शिल्पकाराला बाहेर जायला सांगितलं. मग स्टुलावर चढला, त्या ओल्या गालावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ताई, बाबा असेच दिसायचे ना?" काकांना पकडलं तेव्हा तो चार वर्षांचा होता. तुला निदान मानेवरचा तीळ तरी मिळाला. त्याला तोही नाही. तसबिरीवरून केलेली ती माती बरोबर आहे की चूक, हे त्याला सख्खा मुलगा असून शेजारणीला विचारावं लागलं. मी म्हटलं, "माहीत नाही रे. मी लांबून पाहिलं, आणि ते बोलत होते. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा थांबत नाही." तो म्हणाला, "मला थांबलेला पाहिजे." त्या क्षणी मी त्याला काहीही दिलं असतं, माझ्या घरातली चांगली भिंत दिली असती. पण ही नाही. मी म्हटलं, "तुझ्या बंगल्यात लाव, मी स्वतः उजेडाची सोय करून देते. इथे नाही. या चेहऱ्याच्या मागे तुझी आई राहते." तो स्टुलावरून उतरला, हाताची माती रुमालाला पुसली आणि पुन्हा अध्यक्ष झाला. तुम्ही नाही काढलंत तर दुसरा कोणी नकाशा काढेल, म्हणाला. मी म्हटलं, काढू दे. माझ्या हातून त्या भिंतीची एक रेघही उमटणार नाही.

त्यावर बरंच रामायण झालं. राजीनामा द्या म्हणून निरोप आले. मी सांगितलं, राजीनामा देणार नाही, तुम्हीच काढा, आणि का काढलं ते सगळ्यांदेखत सांगा. तेवढी हिंमत अजून कोणी केलेली नाही. मग मैदानाच्या कडेच्या माझ्या कामाच्या खोलीला कुलूप ठोकलं. मी घरून घडीची खुर्ची नेली. रोज सकाळी जाते आणि एका कमानीत बसते. रोज वेगळ्या कमानीत, म्हणजे ही बाई समोर येऊन बसली असं कोणाला म्हणता येऊ नये. गुडघे कुरकुरतात. कंत्राटदार आधी लांबून बघायचा, आता चहा पाठवतो, वर निरोप असतो की हा चहा कामाच्या हिशेबात धरू नये. वस्तीतल्या बाया संध्याकाळी येऊन दगडाभोवती बसतात, भाजी निवडतात, सुनांच्या कागाळ्या करतात. एक आजोबा रोज त्याच दगडाला टेकून पेपर वाचतात. पहारेकऱ्याने हटकलं तर म्हणाले, वाटाड्याला बातम्या वाचून दाखवतोय, तुला काय त्रास? समाधीत हे चालावं का, असं समितीने मला विचारलं आहे. मी लिहून दिलं की समाधी याचसाठी आहे.

आता काकूंचं. चेहरा थकलाय, जीभ नाही. त्यांनी संमती देऊन टाकली. भोंग्याने कागद पुढे केला आणि त्यांनी सही केली. मी भांडायलाच गेले होते. त्या खिडकीशी बसून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "मला पाठीची सवय आहे गं. आणि जिवंत पोरगा मागतोय, त्याला नाही म्हणू, की मेलेल्या नवऱ्याला?" मी म्हटलं, तुम्हाला काय हवंय ते बोला. मग म्हणाल्या की दिवसभर त्या कमानींतून कोण कोण येतं-जातं ते बघत बसते, वेळ बरा जातो. भिंत झाली तर टीव्ही घेईन. काडी, तुझ्या आईने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही एवढीच गोष्ट मी ऐकली, आणि तीही मागणी म्हणून नाही. उठताना मला दटावलं, "काडीला यातलं काही कळवू नकोस. ती आली तर भांडेल, आणि नाही आली तर मला वाईट वाटेल."

म्हणजे आज मी दोघींचीही आज्ञा मोडली. तुझी आणि तिची. माझ्या लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आई, तू एवढी भांडकुदळ कधी झालीस? मी म्हटलं, उशिरा झाले, म्हणून टिकेन.

तू का गेलीस ते मला माहीत आहे. कुठेही गेलं तरी 'वाटाड्याची मुलगी', शाळेत पहिलं बाक, सभेत पहिली रांग, आणि प्रत्येकाला तुझ्या चेहऱ्यात काकांची हनुवटी शोधायची. तू तिकडे गेलीस जिथे ते नाव कोणाला वाचताही येत नाही, आणि स्वतःच्या नावावर जगलीस. त्यात तुझं काही चुकलं असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. बाबांच्या नावाने मी आयुष्यात कुठे उभी राहणार नाही, ही तुझी प्रतिज्ञा मला तोंडपाठ आहे. हे पत्र त्याच प्रतिज्ञेच्या आड येणार आहे, म्हणून इतका वेळ घोळ घालत बसले.

कायदा असा आहे की पुरलेल्या माणसाला हलवायचं तर बायकोची आणि सगळ्या मुलांची संमती लागते. एकाचीही हरकत असली तर हात लावता येत नाही, मात्र ती हरकत तिथे उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगावी लागते. पत्र चालत नाही, वकील चालत नाही, मी तर नाहीच नाही. मागच्या आठवड्यात भोंग्याने समितीला सांगितलं की बहिणीची हरकत नाही, ती असल्या गोष्टींत पडत नाही. तुझं गप्प बसणं त्यांनी होकार म्हणून लिहून घेतलं आहे, काडी. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, सकाळी, त्या दगडापाशी सुनावणी आहे. त्यानंतर मी खुर्चीत बसले काय आणि फरशीवर आडवी पडले काय, काम सुरू होईल. तू ये. मुलगी म्हणून त्यांच्यासमोर उभी राहा आणि 'हलवायचं नाही' एवढं म्हण. मग लगेच परत जा, मी तुला जेवायलाही थांबवणार नाही. तू नाही म्हणणार हे मला ठाऊक आहे. पत्र अर्धं वाचून झालं असेल तेव्हाच तू मनात ते म्हणून टाकलं असशील. माझी काही हरकत नाही, मला खुशाल नाही म्हण. फक्त ते पत्रातून पाठवू नकोस, इथे येऊन म्हण.

तुझीच, अजून तेवढीच वाकडी,
तिरपी